एका तारखेत न मावणारा बर्फ : जपानमधील स्कीइंगचा इतिहास

१/ जपानमध्ये १२ जानेवारी हा दिवस ‘स्की दिन’ म्हणून ओळखला जातो. १९११ साली याच दिवशी नीगाता प्रांतातील ताकादा येथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील मेजर थिओडोर फॉन लेर्ख यांनी जपानी लष्करी अधिकाऱ्यांना स्कीइंगचे पद्धतशीर धडे द्यायला सुरुवात केली. बहुतेक लेख आणि चित्रफिती जपानी स्कीइंगची कथा येथूनच सुरू करतात आणि थेट निसेकोच्या भुसभुशीत बर्फावर आणून सोडतात. परंतु एक तारीख, एक परकीय गुरू आणि एक खेळ एवढ्यात हा इतिहास मावतो का? या धाग्याचे म्हणणे आहे की मावत नाही. आणि जे निसटते, तेच अधिक महत्त्वाचे आहे.

२/ प्रथम बर्फाविषयी. हिवाळ्यात सायबेरियावरून अतिथंड, कोरडे वारे जपानच्या दिशेने वाहतात. जपानच्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा हा उष्ण प्रवाह येतो. त्या तुलनेने उबदार पाण्यावरून जाताना वारे बाष्प घेतात, होन्शू बेटाच्या कण्यासारख्या पर्वतरांगांवर आदळतात आणि पश्चिमेच्या बाजूला सारे ओझे टाकून देतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस कसा कोसळतो, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही यंत्रणा वेगळी समजावून सांगायला नको. येथे पावसाऐवजी हिम पडते, इतकाच भेद.

३/ या हिमाचे प्रमाण आकड्यांतूनच कळते. १९२७ साली इबुकी पर्वतावर ११.८२ मीटर जाडीचा थर मोजला गेला. ताकादा हे तर डोंगरमाथ्यावरचे ठाणे नव्हे, समुद्रापासून जवळचे सपाटीवरचे शहर. तेथे फेब्रुवारी १९४५ मध्ये ३७७ सेंटिमीटर बर्फ साचला होता. बर्फात गाडल्या गेलेल्या या नगराचा पत्ता वाटसरूंना कळावा म्हणून वर फलक रोवला जाई, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

४/ म्हणजेच लेर्ख येण्यापूर्वी शेकडो वर्षे लोक या बर्फात जगत होते. ताकादात घरांपुढच्या पडव्या एकमेकींना जोडून छत असलेले पादचारी मार्ग केलेले असत; त्यांना ‘गांगी’ म्हणतात. पायांत भाताच्या पेंढ्याचे बूट आणि त्यांखाली वाकवलेल्या लाकडाची कडी, म्हणजे ‘कांजिकी’, बांधून माणसे हिंडत. शिओझावाचे व्यापारी सुझुकी बोकुशी यांचा ‘होकुएत्सु सेप्पु’ हा ग्रंथ १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. बर्फाकडे केवळ सौंदर्य म्हणून पाहणाऱ्या उबदार प्रदेशातील लोकांना हिमप्रदेशातील कष्ट कळावेत, हा त्यांच्या लेखनाचा एक प्रमुख रोख होता. ही तक्रार लक्षात ठेवावी. शेवटी ती पुन्हा उपयोगी पडेल.

५/ आता सैन्याकडे वळू. जानेवारी १९०२ मध्ये आओमोरीच्या पाचव्या पायदळ रेजिमेंटचे २१० जण हाक्कोदा पर्वतात हिवाळी सरावासाठी निघाले आणि हिमवादळात सापडले. त्यांपैकी १९९ जण मृत्यू पावले. शत्रूची एकही गोळी न सुटता एक तुकडी जवळजवळ नाहीशी झाली. जपान तेव्हा रशियाशी युद्धाच्या उंबरठ्यावर होता, आणि ते युद्ध थंड प्रदेशातच लढले जाणार होते. बर्फात सैन्य हलवायचे कसे, हा प्रश्न त्यामुळे जीवनमरणाचा झाला.

६/ १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवले. त्या विजयाचा अभ्यास करण्यासाठी युरोपातून लष्करी निरीक्षक येऊ लागले. लेर्ख त्यांपैकीच एक. १९१० च्या अखेरीस ते जपानात आले, तेव्हा त्यांचे मूळ काम शिकवण्याचे नव्हे, शिकण्याचे होते. ताकादा येथील तेराव्या डिव्हिजनचे प्रमुख, लांबलचक मिशांसाठी प्रसिद्ध असलेले जनरल नागाओका गाइशी यांनी या पाहुण्याचे स्की-कौशल्य हेरले आणि अठ्ठावन्नाव्या रेजिमेंटमध्ये प्रशिक्षण सुरू करवले. ‘पाश्चात्त्य गुरू, पौर्वात्य शिष्य’ ही सोपी मांडणी येथेच डळमळते.

७/ कानाया डोंगराच्या उतारावर जे शिकवले गेले, ते आजच्या स्कीइंगसारखे दिसत नव्हते. लेर्ख हे मातियास त्स्दार्स्की यांचे शिष्य. आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी बनवलेली ही पद्धत : लाकडी स्की, टाच उचलता येईल असे धातूचे बाइंडिंग आणि हातात दोन नव्हे, तर एकच लांब बांबूची काठी. वळताना आणि वेग आवरताना ती काठी बर्फात रेटायची. नागाओकांनी हे तंत्र छावणीपुरते ठेवले नाही. शिक्षक, नागरिक आणि अधिकाऱ्यांच्या पत्नी यांनाही ते शिकवण्यास उत्तेजन दिले.

८/ मग लेर्ख ‘पहिले’ का? १९०८ मध्ये साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात जर्मन शिकवणारे स्विस अध्यापक हान्स कोलर यांनी स्की आणून विद्यार्थ्यांना दाखवल्याचे सांगितले जाते. परंतु कोलर यांच्यामागे रेजिमेंट नव्हती, सरकारी आदेश नव्हता, वृत्तपत्रांचे लक्ष नव्हते. ज्या घटनेमागे संस्था उभी असते तीच ‘पहिली’ म्हणून टिकते. इतिहासातील बहुतेक ‘पहिले’ असेच ठरतात. तारखांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे.

९/ शिवाय लेर्ख यांची पद्धत फार काळ टिकलीही नाही. १९१२ मध्ये त्यांनी होक्काइदोतील असाहिकावा येथेही सैनिकांना शिकवले. पण त्याच बेटावर दोन काठ्यांची नॉर्वेजियन शैली रुजली आणि काही वर्षांत तिने एका काठीला मागे टाकले. १९२३ मध्ये ओतारू येथे पहिली अखिल जपान स्की स्पर्धा भरली आणि १९२८ च्या सेंट मॉरित्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानी स्कीपटू उतरले. आज एका काठीचे स्कीइंग जोएत्सु शहरात, म्हणजे पूर्वीच्या ताकादात, स्मरण म्हणून करून दाखवले जाते.

१०/ दस्तऐवज केवळ अभिलेखागारात नसतात; भाषेतही असतात. जपानी माणूस आजही स्कीच्या उताराला ‘गेलेन्दे’ म्हणतो, काठीला ‘स्तोक्कु’, डोंगरातील निवाऱ्याला ‘ह्युत्ते’, बर्फावर उमटलेल्या रेघेला ‘श्पुर’ आणि टणक गोठलेल्या उताराला ‘आइसुबान’. हे सारे शब्द जर्मन आहेत. आल्प्सच्या प्रवर्तकांपैकी एक, हान्नेस श्नायडर, १९३० मध्ये जपानात आले आणि ही नाळ आणखी घट्ट झाली. एखाद्या समाजाने एखादी कला कोणाकडून घेतली हे तपासायचे असेल, तर तिच्या साधनांची नावे विचारावीत.

११/ मात्र घेतलेली वस्तू लवकरच स्वतःची झाली. नागानो प्रांतातील ईयामा येथे १९१२ पासूनच स्थानिक सुतारकामातून स्की घडू लागले. ओगासाका हे नाव तेथूनच पुढे आले आणि आजही टिकून आहे. हिमप्रदेशातील सुताराला लाकूड वाफवून वाकवणे नवे नव्हते. लेर्ख यांनी नमुना आणला असेल. पण त्या नमुन्याचे हजारो जोड करणारे हात येथलेच होते. स्मारके मात्र नमुना आणणाऱ्याची होतात.

१२/ पुढचा मोठा बदल रेल्वेने घडवला. १९३१ मध्ये शिमिझु बोगदा खुला झाला आणि तोक्योहून डोंगराखालून थेट एचिगोच्या हिमप्रदेशात पोहोचता येऊ लागले. कावाबाता यासुनारी यांची ‘युकिगुनी’ ही कादंबरी याच वाटेवरच्या युझावात घडते. बोगद्याच्या एका बाजूला कोरडे, स्वच्छ आकाश आणि दुसऱ्या बाजूला पुरुषभर बर्फ : हा अनुभव शहरी मध्यमवर्गाला प्रथमच सहज मिळाला. युझावाचे उष्ण झरे जुनेच होते; ग्राहक नवे होते.

१३/ युद्धाने हे सारे थांबवले. १९४० चे हिवाळी ऑलिंपिक साप्पोरोला मिळाले होते. चीनमधील युद्धामुळे जपानने १९३८ मध्येच ते परत केले. पराभवानंतर चित्र उलटले. १९४६-४७ च्या सुमारास शिगा कोगेनमधील मारुइके आणि साप्पोरो येथे देशातील पहिल्या स्की-लिफ्ट उभ्या राहिल्या, त्या अमेरिकी ताबा-सैन्याच्या विरंगुळ्यासाठी. म्हणजे स्की आले सैन्यासोबत आणि लिफ्टही आली सैन्यासोबतच. फक्त गणवेश बदलला होता. १९५६ मध्ये कोर्तिना येथे इगाया चिहारू यांनी स्लॅलममध्ये रौप्यपदक मिळवले. जपानचे हे हिवाळी ऑलिंपिकमधील पहिले पदक.

१४/ आता कथेचा तो भाग, जो चित्रफितींत दिसत नाही. हिमप्रदेशातील शेतकरी घरांत हिवाळा म्हणजे ताटातूट. शेत बर्फाखाली, म्हणून पुरुष ‘देकासेगी’साठी, म्हणजे हंगामी मजुरीसाठी, शहरांत आणि मद्यनिर्मितीच्या कारखान्यांत जात. घरी उरत म्हातारे, बायका, मुले आणि छतावरचा बर्फ. स्कीइंग वाढले तसे याच घरांनी खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. ‘मिन्शुकु’ म्हणजे घरगुती निवास. लिफ्टवर आणि भोजनगृहांत कामे मिळू लागली. ज्या बर्फाने माणसे घराबाहेर काढली होती, तोच त्यांना घरी ठेवू लागला. जपानी स्कीइंगची ही सर्वांत मोठी सामाजिक घटना आहे, आणि तिला तारीख नाही.

१५/ १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ७० मीटर स्की-उडीतील तिन्ही पदके जपानी खेळाडूंनी जिंकली. त्याच स्पर्धेतील डाउनहिल शर्यतीसाठी एनिवा पर्वतावरील जंगल तोडण्यात आले. स्पर्धेनंतर यंत्रणा काढून तेथे पुन्हा झाडे लावली गेली. त्याच वर्षी नीगाताचे तानाका काकुएई पंतप्रधान झाले. बर्फामुळे मागे पडलेल्या प्रदेशाला रस्ते आणि रेल्वे मिळवून देणे, हा त्यांच्या राजकारणाचा पाया होता. १९८२ मध्ये जोएत्सु शिंकान्सेन धावू लागली आणि तोक्योहून युझावा जेमतेम दीड तासावर आले. १९९० मध्ये सुरू झालेल्या गाला युझावात तर बुलेट ट्रेनचे स्थानक आणि स्की-केंद्र एकाच इमारतीत आहेत.

१६/ १९८७ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. सरकारने विश्रामस्थळांच्या उभारणीला सवलती देणारा कायदा केला, आणि ‘वाताशी ओ स्की नि त्सुरेतेत्ते’ या चित्रपटाने तरुणांमध्ये स्कीइंगची लाट आणली. रंगीबेरंगी पोशाख, छतावर स्की बांधलेल्या मोटारी, लिफ्टसमोर लांबच लांब रांगा. १९९३ मध्ये स्कीइंग करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८६ लाखांवर गेली. युझावाच्या छोट्या खोऱ्यात सुट्टीसाठीच्या सदनिकांचे मनोरे उभे राहिले.

१७/ मग फुगा फुटला. अर्थव्यवस्था थंडावली, तरुणांची संख्याच घटू लागली, स्की-केंद्रे एकामागून एक बंद पडली. पियानोंसाठी प्रसिद्ध असलेल्या यामाहानेही १९९७ मध्ये स्की बनवणे थांबवले. युझावातील काही सदनिका आज नाममात्र किमतीला निघतात. कारण मालकीबरोबर देखभालखर्च आणि कर गळ्यात पडतात. जुन्या युझावाने बर्फाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले होते. हे काँक्रीटचे ओझे त्याला एका दशकाने दिले.

१८/ स्नोबोर्डने काही काळ आधार दिला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तो प्रथम पदकांचा खेळ झाला. विशेष म्हणजे जपानमध्ये बोर्डचा एक स्वतंत्र प्रवाहही आहे : समुद्रावरच्या सर्फिंगमधून बर्फाकडे आलेला. निसेकोतील ‘गेन्तेमस्टिक’च्या फळ्या कसरतींपेक्षा खोल, ताज्या बर्फावर तरंगण्यासाठी घडवलेल्या असतात. भूगोल साधनाचा आकार ठरवतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधणे कठीण.

१९/ या शतकात निसेकोला ऑस्ट्रेलियन आणि नंतर आशियाई पर्यटकांनी नवजीवन दिले. शेजारच्या कुच्चान गावातील जमिनीची भाववाढ देशात सर्वाधिक ठरली. हिराफूच्या रस्त्यावर आता जर्मन शब्दांऐवजी इंग्रजी ऐकू येते. यात रोजगार आहे, आणि स्थानिकांना घरभाडे न परवडण्याची भीतीही आहे. केवळ ‘विकास’ किंवा केवळ ‘आक्रमण’ म्हणून याची वासलात लावणे म्हणजे १९८७ चा धडा विसरणे होय.

२०/ कोणी म्हणेल, लेर्ख यांचे श्रेय का कमी करायचे? कमी करायचे नाहीच. त्यांनी उदारपणे शिकवले, आणि ताकादाने त्यांची आठवण कृतज्ञतेने जपली आहे. आक्षेप व्यक्तीवर नाही, मांडणीवर आहे. लेर्ख यांच्यापासून आरंभ केला की बर्फ हा खेळाचे मैदान ठरतो. बोकुशी यांच्यापासून आरंभ केला की तो माणसांचे घर ठरतो. आरंभबिंदू निवडणे ही निष्पाप कृती नसते.

२१/ आणि हे केवळ इतिहासलेखनापुरते नाही. आजही दर हिवाळ्यात जपानमध्ये छतावरचा बर्फ काढताना पडून किंवा त्याखाली दबून माणसे मरतात. त्यांत वृद्धांची संख्या मोठी असते, कारण तरुण मुले शहरांत गेलेली असतात. ज्या हिमवर्षावाची छायाचित्रे जगभर कौतुकाने पाहिली जातात, तोच एखाद्या ऐंशी वर्षांच्या वृद्धेला पहाटे फावडे घेऊन छतावर चढायला लावतो. बोकुशी यांची जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची तक्रार अजून निकालात निघालेली नाही. १२ जानेवारी अवश्य साजरा व्हावा. पण त्या दिवशी एका काठीच्या मेजरसोबत हाक्कोदाचे १९९ मृत, ईयामाचे सुतार, मिन्शुकु चालवणाऱ्या बायका आणि फावडे घेतलेली ती वृद्धा यांचीही आठवण निघावी. (समाप्त)