मोसम पालटताना बाली

उन्हाळी सुट्टी जवळ आली की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत सहलीच्या खर्चाचे प्रश्न हमखास असतात. या वेळी एका वाचक भगिनींचे पत्र आहे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत घरातील सात माणसांना बालीस नेण्याचा त्यांचा बेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील हॉटेले जुलै-ऑगस्टच्या मानाने बरीच स्वस्त मिळतात, हे त्यांनी पाहून ठेवले आहे. मात्र तो काळ तेथील पावसाळा ओसरण्याचा असल्याने ‘पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना?’ अशी शंका त्यांना आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहारानेच शोधले पाहिजे.

प्रथम तेथील ऋतू समजून घेऊ. बाली हे इंडोनेशियाचे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर आहे. त्याचा आकार गोव्याच्या साधारण दीडपट. तेथे नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, म्हणजे आपल्या नेमके उलट. पावसाळ्यात वारा वायव्येकडून, समुद्रावरून ओलावा घेऊन येतो. कोरड्या काळात तो ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष भूमीवरून, आग्नेयेकडून येतो. ऋतूला तेथील भाषेत ‘मुसिम’ म्हणतात. आपला ‘मोसम’ आणि त्यांचा ‘मुसिम’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले. दोन मुसिमांच्या मधल्या काळालाही त्यांनी ‘पंचारोबा’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. वारा अजून ठरलेला नाही, सकाळ लख्ख आणि दुपारनंतर अचानक सर, असे या काळाचे स्वरूप असते. मार्चअखेर ते मेच्या प्रारंभापर्यंत हा काळ चालतो आणि दर आठवड्यास पाऊस मागे हटत जातो.

आपल्याकडे पावसाळा म्हटला की चार-चार दिवसांची झड डोळ्यांसमोर येते. पंचारोबातील पाऊस बहुधा तसा नसतो. सर तासा-दोन तासांत ओसरते आणि पुन्हा ऊन पडते. शिवाय बेट लहान असले तरी पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. मध्यभागी आगुंग, बातूर यांसारख्या ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. एकटा आगुंगच तीन हजार मीटरहून उंच. ढग या रांगेला अडतात. त्यामुळे बेदुगुल, मुंडुक या डोंगरगावांत आणि पायथ्याशी असलेल्या उबुदमध्ये सरी अधिक काळ रेंगाळतात, तर दक्षिण टोकावरील नुसा दुआ, उलुवातू आणि पूर्व किनाऱ्यावरील आमेद लवकर कोरडे होतात. म्हणून एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी मुक्कामाचे अधिक दिवस दक्षिणेस ठेवावेत, डोंगराकडील स्थळे सकाळी उरकावीत आणि दुपार मंदिरे, बाजार किंवा विश्रांतीसाठी मोकळी ठेवावी. मेच्या मध्यानंतर जाणाऱ्यांना एवढा विचार करावा लागत नाही.

वारा पालटण्याची वाट पाहणे हे व्यापाऱ्यांना नवे नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात भारताच्या किनाऱ्यावरून या द्वीपसमूहाकडे जाणारा व्यापार सर्वस्वी मोसमी वाऱ्यांवर चाले. उत्तर बालीतील सेंबिरान येथील उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भारतीय बनावटीची मृद्भांडी सापडली आहेत. ओडिशातील कटक येथे आजही कार्तिक पौर्णिमेस ‘बाली यात्रा’ भरते. त्या सुमारास वारा अनुकूल होई आणि कलिंगचे व्यापारी गलबते हाकारीत. परतण्यासाठी मात्र वारा उलटेपर्यंत परक्या बंदरात महिनोन् महिने थांबावे लागे. त्या मुक्कामाचा खर्च, अडकलेले भांडवल आणि दुरुस्तीची तरतूद हे सारे ते मालाच्या किमतीत आधीच धरीत.

आजच्या प्रवाशानेही हिशोब असाच मांडावा. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलवाला पूर्ण भाडे घेतो, कारण त्या काळात हवामानाविषयी तोही निश्चिंत असतो आणि गिऱ्हाईकही. एप्रिलमध्ये तो भाडे उतरवतो, तेव्हा त्या अनिश्चिततेचा काही भार आपण उचलावा म्हणून तो मोबदला देत असतो. बँकेत कर्जाचा दर जोखमीवर ठरतो. हा व्यवहार त्याच जातीचा. म्हणून सवलतीतून वाचलेली सर्व रक्कम खरेदीत न घालवता तिचा एक भाग राखून ठेवावा. एक दिवस पावसात गेला तर मुक्काम वाढवता यावा, बोट रद्द झाली तर मोटारीने दुसरीकडे जाता यावे, एवढी ती असावी.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हॉटेलचे दर बालीच्या हंगामाने चढतात-उतरतात, परंतु भारतातून सुटणाऱ्या विमानांचे दर आपल्या शाळांच्या सुट्टीने चढतात. त्यामुळे मे महिन्यात हॉटेल स्वस्त आणि विमान महाग अशी स्थिती असू शकते. विमानाची तिकिटे लवकर काढावीत आणि हॉटेलचे आरक्षण थोडे जास्त पैसे पडले तरी रद्द करता येण्याजोगे घ्यावे. एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियन प्रवाशांची गर्दी होते. ते आठवडे टाळल्यास दर आणखी उतरतात.

इतर खर्चही मांडून ठेवावेत. भारतीय पारपत्रधारकास विमानतळावर मिळणाऱ्या 30 दिवसांच्या व्हिसाचे शुल्क 5 लाख रुपिया आहे. 14 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून 1 लाख 50 हजार रुपियांचा वेगळा करही घेतला जातो. आकडे पाहून दचकू नये; 1 लाख रुपिया म्हणजे साधारण पाचशे ते साडेपाचशे भारतीय रुपये. मात्र शून्यांच्या या गर्दीतच रस्त्यावरचे नोटा बदलणारे हातचलाखी करतात. बँकेत किंवा अधिकृत केंद्रातच चलन बदलावे आणि नोटा स्वतः मोजून शेवटपर्यंत आपल्या हातीच ठेवाव्यात. परदेश सहलीच्या पॅकेजवर गोळा केला जाणारा टीसीएस हा खर्च नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते, म्हणून त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

ऋतुपालटाच्या काळात तीन बाबतींत काटकसर करू नये. पहिली समुद्राची. सानूरहून नुसा पेनिदाकडे जलद बोटी जातात. ही सामुद्रधुनी खोल आणि प्रवाह जोरकस. लाटा उसळल्या की बोटी रद्द होतात. आगाऊ भरलेल्या पैशांसाठी बोटवाल्याशी हुज्जत घालून, मुलाबाळांसह खवळलेल्या पाण्यात उतरण्यात कोणतेच शहाणपण नाही. ही फेरी परतीच्या आदल्या दिवशी न ठेवता सहलीच्या प्रारंभी ठेवावी, म्हणजे पुढे ढकलण्यास वाव राहतो. कुता किनाऱ्यावर लाल निशाण असेल तेथे पाण्यात पाऊल टाकू नये. दुसरी बाब आरोग्याची. पावसाळा सरताना डासांमुळे डेंग्यू बळावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम जवळ असावे. तिसरी विम्याची. तरुण मंडळी तेथे हटकून भाड्याची दुचाकी घेतात. योग्य परवाना नसताना ओल्या घाटरस्त्यावर अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. चालकासह मोटार घेणे सात जणांना परवडतेही आणि सुरक्षितही असते.

आहाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. बालीच्या पारंपरिक मसाल्याच्या वाटणात छोटे कांदे, लसूण, आले, हळद यांसारखी कंदमुळे असतात आणि बहुधा ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची पेस्टही असते. त्यामुळे भाजी दिसली म्हणून ती आपल्याला चालेल असे गृहीत धरू नये. ‘तान्पा बावांग, तान्पा तेरासी’, म्हणजे कांदा-लसूण आणि तेरासीशिवाय, एवढे शब्द पाठ करावेत. स्वयंपाकघर असलेला बंगला घेतल्यास वृद्धांची सोय होते, आणि पावसाने दुपार घरात काढावी लागली तरी जेवणाची चिंता उरत नाही.

तारखा ठरवताना ‘न्येपी’ पाहून घ्यावा. हे बालीचे नववर्ष, आणि तेही शक संवताचे. आपल्या पंचांगातील तोच शक. 2026 मध्ये तर गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी, 19 मार्चला. त्या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते. रस्ते ओस पडतात, दिवे मंद होतात, विमानतळ 24 तास बंद राहतो आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. अनवधानाने त्या दिवसाचे तिकीट पाहणाऱ्याची पंचाईत होईल. ठरवून राहणाऱ्यास मात्र हा अनुभव अन्यत्र मिळणार नाही.

आता पावसाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. आपण ज्याला सहलीतील व्यत्यय म्हणतो, तो बालीच्या वर्षभराच्या पाण्याचा आधार आहे. डोंगरातील सरोवरे आणि झरे यांचे पाणी बोगद्यांतून, पाटांतून आणि बंधाऱ्यांतून भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत उतरते. त्याची वाटणी ‘सुबाक’ नावाच्या शेतकरी-मंडळांकडे असते आणि मंदिरांच्या वार्षिक विधींशी पाण्याच्या पाळ्या जोडलेल्या असतात. धुळे-नाशिक भागातील फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. 1970 नंतरच्या दशकात अधिक उत्पन्नासाठी, पाळ्या न पाहता वर्षभर सलग भात लावण्याचा सल्ला शेतकऱ्यांना देण्यात आला. परिणामी पाणी अपुरे पडू लागले आणि किडीने पिके फस्त केली. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जे. स्टीफन लान्सिंग यांच्या अभ्यासाने दाखवून दिले, की शेजारच्या मंडळांनी एकाच वेळी शेते पडीक ठेवल्याने किडीला आश्रय उरत नाही. पाण्याची जुनी पाळी हे जमाखर्चाचे पक्के गणित होते. 2012 मध्ये युनेस्कोने सुबाकच्या भूप्रदेशास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तबानान जिल्ह्यातील जातिलुविह येथे ही शेते पाहता येतात. ऋतुपालटाच्या दिवसांत पाट भरून वाहत असतात, हवा धुतलेली असते आणि गर्दी कमी असते. ऐन कोरड्या हंगामात जाणाऱ्यास पाण्याचे हे वैभव इतके दिसत नाही.

मात्र हीच शेते विकली जाऊन तेथे बंगले आणि जलतरण तलाव उभे राहत आहेत आणि दक्षिणेकडील भूजलावर ताण वाढत आहे. मे महिन्यात उतरणारा पाहुणा कोरड्या हंगामाच्या तोंडावर तेथील साठ्यातून पाणी वापरत असतो. टॉवेल रोज धुण्यास न देणे, नळ जपून वापरणे, प्लास्टिकची बाटली न घेता घरून पाण्याचे भांडे नेणे, या आपल्या घरातल्याच सवयी तेथेही सोडू नयेत.

तेव्हा पत्रलेखिका भगिनींना सल्ला असा. शाळा परवानगी देत असेल तर एप्रिलचा अखेरचा आठवडा ते मेचा पूर्वार्ध हा काळ घ्यावा. सात दिवसांच्या कामाला आठ दिवस धरावेत. वाचलेल्या भाड्यातील निम्मी रक्कम परतीच्या विमानात बसेपर्यंत मोडू नये. पाऊस आलाच नाही तर ती सुखरूप घरी येईल. आला तर तिच्यामुळे आजी-आजोबांना भिजत धावपळ करावी लागणार नाही. या हिशोबात पैसे पाण्यात जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.