कोळसा खालून निघतो, शेत वरून बसते

आपल्या खान्देशात कोळशाची खाण नाही. पण दीपनगरच्या वीज केंद्रात जळणारा कोळसा कुणाच्या तरी शिवाराखालचाच असतो. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. उघड्या खाणीत शेत सरळ जाते. भुयारी खाणीत शेत राहते. पण ते जसेच्या तसे राहते का?

जुन्या रीतीत कोळशाचेच खांब ठेवून छत पेलतात. थर जाड असला की बराच कोळसा खांबांतच अडकतो. ‘लाँगवॉल’ची तऱ्हा निराळी. शे-दोनशे मीटर लांबीच्या कोळशाच्या भिंतीवर यंत्र फिरते आणि कोळसा तासते. माणसे हायड्रॉलिक टेक्यांखाली असतात. टेके पुढे सरकले की मागचे छत मुद्दाम कोसळू देतात. धनबादजवळ मुनीडीहला १९७८ मध्ये आणि तेलंगणात अड्रियालाला २०१४ मध्ये अशी खाण सुरू झाली. छत्तीसगडमधील चुर्चा येथे मात्र वर आपल्या काळ्या पाषाणाच्या जातीचा टणक थर होता. तो वेळेवर कोसळला नाही, नि १९९० मध्ये एकदम आला, तेव्हा टेके चेपले.

छत बसले की वरची जमीनही बसते. तीन मीटर कोळसा काढला तर जमीन दीड मीटर, कधी अधिकही खचू शकते. उतार फिरतो, भेगा पडतात, विहिरीचे पाणी उतरते. जाड थर टप्प्याटप्प्याने काढला तर हे पुन्हा पुन्हा होते. पोकळीत वाळू भरली तर खचणे कमी होते, पण वाळू नदीतूनच येणार. गिरणाकाठच्या लोकांना त्याचा अर्थ सांगायला नको.

एक गोष्ट लाँगवॉलच्या बाजूची. जुने खांब कधी ढासळतील, याचा नेम नसतो. इथे भिंत खालून गेली की बहुतेक खचणे काही महिन्यांतच होते. म्हणजे ते आधी-नंतर मोजता येते.

इथेच कायदा पाहा. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने सरकार अख्खी जमीन घेऊ शकते, किंवा नुसते तिच्यातले हक्क. दुसऱ्या प्रकारात शेत तुमचेच, पण त्याखाली काम दुसऱ्याचे. हायटेन्शनचा मनोरा किंवा पाइपलाइन ज्यांच्या वावरातून गेली, त्यांना ही गत ठाऊक आहे.

म्हणून काम सुरू होण्याआधीच विहिरीची पातळी, बांध आणि शेताचा उतार मोजून पंचनामा करून घ्या. गावचे दप्तर सांभाळणाऱ्यांनीही त्याची प्रत जपावी. आधीचे माप हाती नसेल, तर नुकसान झाले हे दाखवणार कशावरून?