उभ्या मोटारीची बॅटरी

मोटार दारात उभी असली, तरी तिची बॅटरी विश्रांती घेत नसते. घड्याळ व चोरीचा इशारा देणारी घंटा यांना ती वीज पुरवीत राहते. उन्हाळ्यात तर आपोआपही लवकर उतरते. उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर जमून ती कायमची दुबळी होते. पाच मिनिटे इंजिन चालवून ही तूट भरत नाही. आठवड्यातून अर्धा तास तरी मोटार फिरवावी. १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना १२.४ च्या खाली गेल्यास ती चार्ज करून घ्यावी. नवी घेताना उत्पादनाचा महिना पाहावा. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही उतरतच असते. मध्यरात्री रुग्णास इस्पितळात न्यावयाची वेळ येते, तेव्हा या लहानशा दक्षतेचे मोल कळते.