परीटघडी : कपडे घातले कुणी आणि धुतले कुणी?

१/ ‘परीटघडीचे कपडे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. स्वच्छ धुतलेले, खळ दिलेले, घडी न मोडलेले कपडे, असा त्याचा अर्थ. पुरुषांच्या अभिजात पोशाखावर लिहिताना कॉलर, बटणे आणि कोटाची बेतणी यांची पुष्कळ चर्चा होते. आजचा हा थ्रेड त्या घडीविषयी आहे. कपडा कुणी घातला याइतकाच तो कुणी धुतला, आणि कुणी धुण्यास नकार दिला, हाही इतिहासाचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

२/ गावगाड्यात परीट हा बलुतेदार. महार हाही बलुतेदार. दोघेही गावाची कामे करीत आणि सुगीला आपापला वाटा घेत. तरीही परिटाची सेवा महाराच्या घरापर्यंत पोचत नसे. हा दोष एकट्या परिटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. इतरांचा मळ हाताळणारा म्हणून तो स्वतःही उतरंडीत खालीच होता, आणि गावाची रीत मोडली तर त्याचेही बलुते धोक्यात येई.

३/ या नकाराचा एक थेट पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात आहे. साताऱ्याच्या बालपणाविषयी ते सांगतात की घरचे कपडे त्यांच्या बहिणी धूत. गावात परीट नव्हते असे नाही, आणि त्यांना द्यायला पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्यांचे कपडे धुवायला कुणी परीट तयार नव्हता, एवढेच कारण. केस कापण्याचे कामही त्याच कारणाने थोरल्या बहिणीकडे आले होते.

४/ याच लेखनात १९०१ सालच्या प्रवासाची हकिकत येते. वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांसाठी विलायती बनावटीचे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेण्यात आली. मसूर स्थानकावर उतरलेली ही नीटनेटकी मुले ब्राह्मणांची असावीत, असे स्टेशन मास्तरांना वाटले. मुलांनी जात सांगितली मात्र, त्यांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरले. पुढे दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकेना. गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार, या अटीवर प्रवास ठरला.

५/ हा प्रसंग मी वारंवार वाचला आहे. नीटनेटका पोशाख माणसाला प्रतिष्ठा मिळवून देतो, असे आजची पोशाखविषयक पाने सांगतात. मसूरच्या फलाटावर ती प्रतिष्ठा जात कळेपर्यंतच टिकली. तेव्हा ‘चांगले कपडे घाला, जग बदलेल’ असा भाबडा निष्कर्ष येथून निघत नाही. मग चांगल्या कपड्यांचा आग्रह कशासाठी? त्याचे उत्तर त्या काळच्या निर्बंधांत सापडते.

६/ मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, असा दंडक आहे. महाराष्ट्रातील गावांत मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. ज्याला हक्क म्हटले गेले, त्यातच अवहेलना विणलेली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागे दैनंदिन जगण्यातले असे दंडकही होते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडून द्यायला सांगितले.

७/ त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ४ जानेवारी १९२८ रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त इंदूर संस्थानातील एक बातमी आली. काही गावांतील सवर्णांनी बलाई समाजावर नियम लादले होते. त्यांतले पहिले दोन पुरुषांच्या पोशाखाचे : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही आणि रंगीत किंवा नक्षीदार काठांचे धोतर नेसायचे नाही. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) हे नियम नमूद केले आहेत.

८/ हे वाचताना १९०१ची रेशीमकाठी धोतरे आठवावीत. धोतराचा काठ ही आपल्याकडची एक स्थानिक रचनापरंपरा आहे. विणकराचे कौशल्य त्या दोन बोटे रुंदीच्या पट्टीत दिसते, आणि नेमक्या त्याच पट्टीवर पहारा होता. स्थानिक वस्त्रकलेचे गोडवे गाताना, ती ल्यायची मुभा कुणाला होती हेही सांगायला हवे. अन्यथा आपण वस्त्राची केवळ जाहिरात करतो.

९/ आता सुटाकडे वळू. ‘गांधीजींनी पंचा स्वीकारला, आंबेडकरांनी मात्र साहेबी पोशाख केला’, हे वाक्य आमच्या वर्गातील चर्चेतही ऐकू आले. गांधीजींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, तो गरिबांशी एकरूप होण्याच्या निश्चयातून. त्या निर्णयाचे मोल कमी नाही. पण त्याग करण्यासाठी वस्तू आधी आपली असावी लागते. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या उघडे अंग आणि मढ्यावरचे कापड लादले गेले, त्यांच्या नेत्याने तोच त्याग करून कोणता नवा संदेश दिला असता?

१०/ सूट हा देखभाल मागणारा पोशाख आहे, ही बाबही विसरू नये. सुती धोतर दगडावर आपटून धुता येते. लोकरी कोटाला ते चालत नाही. अस्तर आणि बुकरम यांनी त्याच्या छातीला व खांद्याला घाट आलेला असतो. त्याला ब्रश करावे लागते, हवा द्यावी लागते, ओलसर फडक्यावरून इस्त्री करावी लागते आणि कसरीपासून जपावे लागते. ज्या समाजाचे कपडे धुवायला कुणी तयार नव्हते, त्या समाजातील माणसाने असा पोशाख आयुष्यभर नीटनेटका ठेवला. मला तो अनुकरणापेक्षा दावा वाटतो : माझे वस्त्रही निगा राखण्याच्या योग्यतेचे आहे, हा दावा.

११/ या पोशाखाला केवळ ‘पाश्चात्त्य’ ठरवणाऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६चे नागपूर पाहावे. धम्मदीक्षेच्या दिवशी बाबासाहेबांच्या अंगावर शुभ्र रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. धोतराशी त्यांचे वैर नव्हतेच. आपण काय नेसायचे हे दुसऱ्याने ठरवावे, याला त्यांचा विरोध होता.

१२/ नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांच्या इतर वस्तूंबरोबर त्यांचे कपडेही जपलेले आहेत. आपण कागदाला ऐतिहासिक साधन मानतो, तलवारीला मानतो. कापडाला मानायला कचरतो, आणि कापड तर घाम, धूळ, प्रकाश व कसर यांनी कागदाहूनही लवकर जाते. कोटाचा विरलेला कोपर किंवा रफू केलेली बाही ही बखरीच्या पानाइतकीच बोलकी असते. तिचे जतन हे इतिहासाचेच काम आहे.

१३/ तेव्हा जुन्या छायाचित्रात कुणी कडक इस्त्रीत उभे दिसले, तर कापड आणि शिलाई जरूर पाहा. त्याबरोबर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : हे कपडे कोण धूत असे? इस्त्री होती का, की तांब्यात निखारे घालून काम भागवले जाई? परीट घरी येत असे का? येत नसेल, तर का? उत्तरे लिहून ठेवा. साताऱ्यात भावांचे कपडे धुणाऱ्या त्या बहिणी आपल्याला भावाच्या लेखणीमुळे कळल्या. अशा कित्येकींविषयी कुणीच लिहून ठेवलेले नाही.