'धडक' आणि आपले हैदराबाद

'सैराट'चा हिंदी अवतार म्हणून २०१८ साली आलेला 'धडक' आम्ही सुलतान बाजारातील घरी सहकुटुंब पाहिला, आणि मन खट्टू झाले. नागराज मंजुळे यांच्या २०१६च्या मूळ चित्रपटात जातीच्या धाकाने पळालेली आर्ची व परशा आपल्याच हैदराबादेत येतात. डोसे विकणारी, मराठी बोलणारी सुमनअक्का त्यांना आश्रय देते. 'धडक'ने हैदराबादऐवजी कलकत्ता घेतले, हे आम्ही सोसले. परंतु बापाच्या निवडणुकीआड जात जवळजवळ दिसेनाशी झाली. मग खून उरतो, खुनाचे कारण उरत नाही. भय कशाचे हेच ठाऊक नसता, वाचकहो, दाराशी आलेल्या अशा जोडप्याला आपण आधार तरी कसा देणार?