‘यांत गाणें कधीं सुरू होतें?’

धाराशिवांतील आमच्या परिचयाच्या कांहीं कुटुंबांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसून ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा क्रम ठेवला आहे. एक मुद्रिका वडीलधाऱ्यांनीं निवडावयाची, एक तरुणांनीं. आणि ती आपणांस कां आवडली हें निवडणारानें चार वाक्यांत सांगावयाचें, एवढाच शिरस्ता. गेल्या बैठकींत एका महाविद्यालयीन मुलानें ‘शक्ति’ या वाद्यवृंदाची १९७६ सालीं निघालेली पहिली मुद्रिका लावली. तिच्यांतील पहिलाच तुकडा अठरा मिनिटांचा आहे. दहा-बारा मिनिटें झालीं असतील, तोंच आमच्यांतील एक वयोवृद्ध आणि खरोखरच संगीताचे शौकीन गृहस्थ चष्मा पुशीत म्हणाले, “अरे, पण यांत गाणें कधीं सुरू होतें?” सर्वजण हंसले. आम्हीही हंसलों. मुलानें कांहीं न बोलतां मुद्रिका बंद केली आणि बैठक चहाकडे वळली. त्या हंसण्याची आम्हांस पुढें दोन दिवस लाज वाटत राहिली, आणि त्या लाजेंतूनच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें.

तो प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नाहीं. संगीत म्हणजे गाणें आणि गाणें म्हणजे शब्द, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांत इतकी मुरलेली आहे कीं ती समजूत आहे हेंच कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नाट्यपद, भावगीत, अभंग, लावणी, सर्वत्र आपण आधीं शब्द हातीं धरतों आणि मग स्वरांच्या पाण्यांत पाय घालतों. वाद्य वाजूं लागलें कीं तें साथीचें, किंवा गायक यावयाचा आहे तोंपर्यंतचें! आमचा जिल्हा तर शब्दांचा मानकरीच. गोरोबाकाकांचें तेर येथलें. ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०२० मध्यें याच गांवीं भरलें. शब्दांवरील या प्रेमाशीं आमचें भांडण नाहीं. मासिकांत लिहिणारानें तसलें भांडण उकरणें म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणें होय. आमचें भांडण आहे तें, शब्द नसतील तेथें ऐकण्यासारखें कांहीं नाहीं, या परस्पर लावलेल्या निकालाशीं.

आणि हा निकाल प्रामाणिकपणाचा तरी आहे काय? तेच गृहस्थ विलंबित ख्याल पाऊण तास डोळे मिटून ऐकतात. त्यांतील बंदिशीचे शब्द बहुधा ब्रज भाषेचे, गायकाच्या मुखांतून ते अर्धेच बाहेर पडतात, आणि उरलेले अर्धे आलापांत विरून जातात. बैठकीनंतर त्या बंदिशीचा अर्थ विचारला तर शंभरांत पांचांस सांगतां येणार नाहीं. तराण्यास तर अर्थाचा विटाळच नाहीं. म्हणजे शब्दांवांचून आपला कान अडतो असें नाहीं. तो अडतो सवयीवांचून. ख्यालाची संवय आपणांस वडिलांनीं लावली, या नव्या वाद्यसंगीताची लावणारा घरांत कोणी नव्हता, इतकाच काय तो भेद. तो भेद कबूल करावा. त्याला अभिरुचीचें नांव देऊं नये.

हें संगीत आपलें नव्हे, परकें आहे, असा दुसरा आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही एका मराठी माणसाचीच साक्ष काढतों. ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेला चाल लावून जी. एन. जोशी यांनीं ती तबकडीवर गायिली, आणि महाराष्ट्रांत भावगीत घरोघर पोंचलें. (शब्दांच्या राज्याचा पाया घालणारें तें गाणें एका शिळेविषयीं, म्हणजे शब्दावांचूनच्या सुराविषयीं असावें, ही गंमत आमच्या ध्यानांत परवांच आली.) तें गाणें तीन-सव्वातीन मिनिटांचें होतें, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तेवढीच चाले. आपण ज्याला गाण्याची स्वाभाविक लांबी समजतों ती पुष्कळशी त्या यंत्रानें ठरविलेली आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें संथ फिरणारी मोठी तबकडी काढली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. मिळालेल्या त्या वेळांत काय करावें, हा प्रश्न पुढें जगांतल्या सगळ्याच वादकांपुढें पडला.

हेच जोशी पुढें एच. एम. व्ही. कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, आणि १९६७ सालीं त्यांच्याच देखरेखीखालीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका तयार झाली. संतुरावर शिवकुमार शर्मा, बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरांतील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, एवढाच तिचा विषय. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत राग बदलत जातात आणि त्यांबरोबर ऊन कलतें. शब्द एकही नाहीं. ज्या मनुष्यानें मराठी घराला शब्दांची गोडी लावली त्यालाच ही कल्पना सुचावी, हें आमच्या शब्दाभिमानी मित्रांनीं जरा शांतपणें ध्यानांत घ्यावें. मुलांनीं लावलेल्या विलायती मुद्रिकांतही संपूर्ण तबकडीभर एकच विषय, तुकड्याला तुकडा जोडलेला, असेंच असतें. त्या प्रकाराला तिकडे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. त्यांतील अग्रगण्य मानलेला किंग क्रिम्झन हा वृंद आपली पहिली मुद्रिका घेऊन आला तो १९६९ सालीं, म्हणजे आपल्या मेंढपाळाच्या मागाहून! कोणीं कोणाचें घेतलें हा आमचा मुद्दा नाहीं. वीस मिनिटांची मोकळी जागा मिळतांच मुंबईचा आणि लंडनचा वादक जवळजवळ सारख्याच वाटेनें चालूं लागला, त्यांत परकें तें काय?

तेव्हां ज्यांचा कान अजून बिचकतो त्यांनीं या मेंढपाळापासून आरंभ करावा आणि मग ‘शक्ति’कडे यावें. ती मुद्रिका १९७५ च्या जुलैमध्यें अमेरिकेंत श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाली. जॉन मॅक्‌लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक, एल. शंकर यांचें व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम् आणि राघवन यांचा मृदंग. गिटारवर तरफांसारख्या जादा तारा बसविलेल्या आहेत. याला रॉक म्हणणें खरें तर चुकीचें, कारण विजेचा कर्कश भाग यांत नाहींच. पण मॅक्‌लॉफ्लिन ज्या घरांतून येथें आला तें घर रॉकचें होतें. त्या घराचें नांव ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’. १९७१ ची ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि १९७३ ची ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ या त्याच्या दोन मुद्रिका संपूर्ण निःशब्द आहेत, आणि स्पष्ट सांगावयाचें तर पहिल्या ऐकण्यांत अंगावर येतात. बिली कॉभमचे ढोल आणि जेरी गुडमनचें व्हायोलिन एकमेकांस धक्के देत चालतात असें वाटतें. आम्हांला त्यांचा सांधा तिसऱ्या वेळीं सांपडला. ज्याला झपतालाचे दहा आणि रूपकाचे सात मोजतां येतात त्याला तो आमच्याहून लौकर सांपडावा.

कुटुंबांत सर्वांनीं मिळून ऐकावयाची तर मात्र आमची शिफारस ‘कॅमल’ या इंग्रज वृंदाच्या १९७५ च्या ‘द स्नो गूज’ला आहे. पॉल गॅलिको याच्या कथेवरून ती रचलेली आहे. लेखकानें हरकत घेतल्यामुळें ‘या कथेवरून स्फुरलेलें संगीत’ असें नांवांतच म्हणावें लागलें. दलदलीच्या कांठीं दीपगृहांत एकटा राहणारा कुबडा चित्रकार, जखमी हिमहंस उराशीं धरून त्याच्याकडे आलेली मुलगी, आणि डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवितांना त्याला आलेलें मरण, एवढी गोष्ट मुलांना अगोदर सांगून ठेवावी. दहा वर्षांच्या मुलालाही कोठें हंस उडाला हें कळतें. मोठ्या माणसांनीं मात्र दुसऱ्या खेपेस गोष्ट विसरून ऐकावी, नाहींतर शब्दांची काठी हातांतून सुटावयाची नाहीं.

माइक ओल्डफील्डच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’बद्दल लिहावें तितकें थोडें. १९७३ सालीं ती निघाली तेव्हां तो नुकता वीस वर्षांचा झाला होता, आणि तींतील बहुतेक सर्व वाद्यें त्यानें स्वतःच, एकावर एक थर चढवीत, वाजविलेलीं आहेत. आरंभींचा पियानोचा आकृतिबंध सात आणि आठ मात्रांच्या जोडीनें, म्हणजे पंधरांत, फिरतो. पंचम सवारीचे विभाग निराळे असले तरी तीही पंधराचीच. तेव्हां आपल्या तबलजीनें ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. पहिल्या बाजूच्या शेवटीं एक मनुष्य बोलतो खरा. पण तो काय बोलतो? एकेका वाद्याचें नांव घेतो, आणि नांव घेतलें कीं तें वाद्य पुढें येतें. भालदारानें सरदारांची वर्दी द्यावी तसें. शब्द येथें चाकर आहे आणि वाद्य धनी आहे. आमच्या गृहस्थांना हा भाग ऐकवावा अशी आमची फार इच्छा आहे.

आतां मुलांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहींतर हा लेख एकतर्फी होईल. त्यांची शिफारस करण्याची रीत आम्हांस बिलकूल पसंत नाहीं. एका दमांत चाळीस नांवें सांगावयाचीं, कोणता गिटारवादक कोणाहून जलद याची कुस्ती लावावयाची, आणि ऐकणारा गोंधळला कीं त्याला मागासलेला ठरवावयाचें, ही शिफारस नव्हे, ही दमदाटी झाली. शिवाय तीं स्वतः इअरफोन कानांत घालून एकेकटीं ऐकतात, मध्येंच थांबवितात, पुढें ढकलतात. वीस मिनिटांची रचना अशी कुरतडून ऐकणारा आणि तिच्यांत गाणें शोधणारा, दोघेही तिला सारखेच मुकतात. एक मुद्रिका निवडावी, एक बाजू पुरी ऐकवावी, मध्यें बोलूं नये; आणि आपणांस ती प्रथम कोठें पटली नाहीं, तेंही सांगावें. त्या मुलानें तें सांगितलें असतें तर आमचे गृहस्थ कदाचित् आणखी सहा मिनिटें थांबले असते.

परंतु लाज वाटण्याचें मुख्य कारण आम्ही अजून सांगितलेलें नाहीं. ज्या जिल्ह्यांत बसून आपण वाद्यांच्या भाषेला परकी म्हणतों त्या जिल्ह्याची ती जुनी भाषा आहे. तुळजापुरास देवीच्या छबिन्यांत संबळ वाजतो तेव्हां कोणी त्याला गाणें कधीं सुरू होतें म्हणून विचारीत नाहीं. एका काठीनें चढा बोल आणि दुसरीनें घुमारा काढीत गोंधळी जी लय उभी करतो तिनें अंगांत येतें, शब्दांनीं नव्हे. हलगी, घुमकें आणि कैताळ या तिघांचा ताफा कुस्तीच्या फडांत पहिलवानाच्या पावलाबरोबर लय चढवितो आणि उतरवितो, तें पाहून महाविष्णुवाल्यांनीं मान डोलावली असती. शेजारच्या सोलापुरांत जाधव घराण्यानें सुंदरीसारख्या वीतभर वाद्यावर रागदारी चालविली. हें सर्व आपल्या कानांवरून रोज गेलें आणि आपण त्याची गणना संगीतांत केली नाहीं. कां केली नाहीं?

कारण गायकाला आपण दिवाणखान्यांत गादी दिली, सनई-चौघड्याला नगारखान्याचा माळा दिला, आणि हलगीवाल्याला रस्ता दिला. कातड्याचा विटाळ आणि तें वाजविणाऱ्या मातंग माणसाचा विटाळ, या दोन गोष्टी आपल्या वाडवडिलांनीं कधीं वेगळ्या मानल्या नाहींत. आपण विटाळ सोडला असें म्हणतों, परंतु कान त्यांचाच ठेवला. शब्दप्रधान संगीत श्रेष्ठ, हा सिद्धान्त त्या बसण्याच्या जागांवरूनच निघालेला आहे कीं काय, असा आम्हांस संशय आहे, आणि तो चुकीचा ठरला तर आम्हांस आनंदच होईल. दरम्यान मिरवणुकींत ‘डीजे’च्या भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांचीं तावदानें हादरूं लागलीं, आणि हलगीचे ताफे घरीं बसूं लागले. त्या गोंगाटाविरुद्ध अर्ज लिहिणारे आपणच आहों. त्या अर्जावर आम्हीही सही केली आहे. पण लग्नांत, वाढदिवसांत, निदान आपल्या या बैठकींत, हलगीचा एक ताफा सन्मानानें बोलावून, बिदागी देऊन, पुढें बसून ऐकावा, हें आपल्यापैकीं कोणाला सुचलें? ऐकणारा उरला नाहीं म्हणजे वाजविणारा कोठून उरणार?

म्हणून पुढील बैठकीसाठीं आम्हीं दोन गोष्टी सुचविल्या. आधीं ‘ट्यूब्युलर बेल्स’ची पहिली बाजू पुरी ऐकावयाची, आणि त्यानंतर हलगीचा ताफा, अंगणांत नव्हे, दिवाणखान्यांत. संबळाविषयीं आम्हीं आग्रह धरला नाहीं. तें देवीचें वाद्य, तें बैठकींत आणावें कीं नाहीं हें गोंधळ्यांनींच ठरवावें. दिवाणखान्याच्या मुद्द्यावर थोडी कुजबुज झाली. आवाज फार होईल, शेजारी काय म्हणतील, असें कांहींजण म्हणाले, तेव्हां मागच्या महिन्यांतील मिरवणुकीची आठवण त्यांस द्यावी लागली. मुलगा कोपऱ्यांत गप्प बसून होता. वयोवृद्ध गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, हलगीचें कातडें वाजविण्यापूर्वीं शेकावें लागतें, लहानपणीं परंड्याच्या जत्रेंत आपण तें पाहिलें आहे. तेव्हां अंगणांत जाळ लागेल, त्याचीं लाकडें कोण आणणार तें आधीं ठरवा.