मूल्यमापन वर्गासाठी की दप्तरासाठी?

52 मधून 27 वजा करून 35 हे उत्तर लिहिणारे मूल आळशी नसते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असा स्वतःचा नियम त्याने बनविलेला असतो. हा नियम त्याच तासाला शिक्षकाच्या ध्यानात यावा, हाच आकारिक मूल्यमापनाचा अर्थ. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले, आणि महाराष्ट्राने 2010 मध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प अशी साधनेही नेमून दिली. प्रत्यक्षात उरल्या त्या नोंदवह्या!

आता नोंदवहीची जागा फोनने घेतली आहे. 2023 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. शिक्षकांनी गुण चॅटबॉटवर भरावयाचे आणि ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा व्हावयाचे. राज्याला चित्र हवे, हे मान्य. परंतु पुण्याला गेलेला आकडा त्या मुलाला वजाबाकी शिकवीत नाही. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, केवळ शेरा मिळालेली मुले पुढे सरकली. शेऱ्यासोबत गुणही मिळाले तेव्हा तो लाभ नाहीसा झाला.

कामोठ्याचे उदाहरण घ्यावे. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादून सिडकोने वसविलेले हे उपनगर. येथे नोकरदाराचे मूल आहे, भूमिपुत्राचे आहे, आणि इमारत पुरी होताच मुक्काम हलविणाऱ्या बांधकाम मजुराचेही आहे. प्रत्येक मुलाच्या हाती टॅब गृहीत धरणारे तंत्र यातील शेवटच्याला बाहेर ठेवते. 2020 च्या टाळेबंदीत हे पुरेसे दिसले. उलट ‘प्लिकर्स’सारख्या पद्धतीत मुलांच्या हाती केवळ छापील पत्ते असतात. पत्ता उभा-आडवा धरून मूल आपला पर्याय दाखविते, शिक्षकाचा एकच फोन ते टिपतो. भित्रे मूलही उत्तर देते, कारण शेजाऱ्याला ते सहजी कळत नाही. पर्यायांत 35 असेल, तर किती मुले तेथे अडली ते क्षणात समजते आणि पुढचा धडा थांबविता येतो.

अर्थात थांबावयास मोकळीक हवी. प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचेच प्रमाण आहे. ते आधी पाळावे, यंत्र आणि डेटा यांचा खर्च शिक्षकाच्या खिशातून होऊ नये, आणि वर्गातील रोजच्या उत्तरांची माहिती शाळेबाहेर मागू नये. शाळा बदलणाऱ्या मजुराच्या मुलाबरोबर मात्र ‘याला हातच्याची वजाबाकी पुन्हा समजवावी’ एवढी एक ओळ जावी.